गहू-दूध बंद करण्याआधी ताट वाढवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. खातो काय, तर कोरडी चपाती, पांढरा भात, म्हशीचं दूध, त्यात बुडवलेली बिस्किटं आणि एकाच कंपनीचे वेफर्स. आमटी-भाजी ताटात दिसली तरी उठून जातो. थेरपीच्या ठिकाणी भेटलेल्या एका पालकांनी सांगितलं, गहू आणि दूध बंद करा, पोरगं बोलायला लागेल. आत्ती, म्हणजे तुमच्या सासूबाई, म्हणतात, "दुधावरच तर पोरगं धरून हाय, तेबी तोडायचं?" नवरा दोघींच्या मधे गप्प. तुम्ही सकाळ-संध्याकाळ दोन-दोन स्वयंपाक करून दमलाय. आणि विचारताय की बंद करावं का, आणि केलं तर खायला घालावं काय.

मी आहारतज्ज्ञ आहे, अशा घरांबरोबरच माझं काम चालतं. उत्तर आधीच सांगून टाकते: आत्ता लगेच काहीही बंद करू नका. जे मूल पाच गोष्टी खातं, त्यातल्या गहू आणि दुधाच्या तीन काढून घेतल्या तर भात आणि वेफर्स उरतात. दोन-तीन आठवड्यांत वजन उतरतं, मग घाबरून सगळं परत सुरू होतं आणि मूल आधीपेक्षा हट्टी होतं. आधी त्याचं ताट वाढवायचं, तपासण्या करून घ्यायच्या. त्यानंतरही तुम्हाला करून बघायचं असेल तर मी अडवणार नाही, पण ते प्रयोगासारखं करायचं, नवसासारखं नाही.

ही कल्पना आली कुठून ते ऐका, कारण मोबाईलवर फिरतो तो तिचा फक्त शेवट. १९७९ मध्ये जाक पँकसेप या शास्त्रज्ञांनी मांडलं की ऑटिझमची काही लक्षणं आणि अफूच्या जातीच्या पदार्थांचा परिणाम यांत साम्य दिसतं. त्यावरून पुढे नॉर्वेमधल्या संशोधकांनी तर्क बांधला: गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन ही प्रथिनं काही मुलांना नीट पचत नाहीत, त्यांचे अर्धवट तुकडे आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत जातात. या मुलांच्या लघवीत ते तुकडे सापडतात असंही तेव्हा म्हटलं गेलं. नंतर जास्त अचूक पद्धतीनं तपासलं तेव्हा ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या लघवीत तसा फरक निघाला नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात एक काटेकोर प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. १४ लहान मुलांना आधी गहू-दुधाशिवायच्या आहारावर ठेवलं आणि मग कधी ग्लुटेन असलेला, कधी केसिन असलेला, कधी दोन्ही, कधी काहीच नसलेला खाऊ दिला. कोणत्या दिवशी काय दिलं हे पालकांनाही ठाऊक नव्हतं आणि वर्तनाची नोंद घेणाऱ्यांनाही नाही. वागण्यात, झोपेत, शौचात ठळक फरक दिसला नाही. १४ हा आकडा लहान आहे, मान्य. पण ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलंय की ऑटिझमच्या मुख्य लक्षणांसाठी असा वगळणारा आहार वापरू नये. "पोरगं बोलायला लागेल" या वाक्याला आजपर्यंतच्या पुराव्याचा आधार नाही. बोलण्यासाठी स्पीच थेरपीच लागते.

मग ज्या घरात "आम्हाला फरक पडला" म्हणतात ती माणसं खोटं बोलतात का? नाही हो. फरक पडतो, पण त्यांना वाटतं त्या कारणानं नाही. आपल्या कोल्हापूरच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी उठल्या-उठल्या पेलाभर म्हशीचं दूध, शाळेतून आला की दूध-बिस्किट, जेवला नाही म्हणून रात्री परत दूध. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन पैलवान झाल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात सांगितल्या जातात, त्यामुळे दूध जास्त झालं असं कुणाला वाटतच नाही. पण दिवसाला लिटरभर दूध पोटात गेलं की भूक मरते. दुधात लोह जवळपास नसतं, म्हणून रक्त कमी होतं. चोथा नसतो, म्हणून शी खड्यासारखी घट्ट होते. ज्या मुलाला "माझं पोट दुखतंय" हे सांगता येत नाही ते मूल डोकं आपटतं, रडतं, रात्री तीनला उठून बसतं. असं दूध बंद केलं की आठवड्याभरात पोट साफ होतं, भूक लागते, झोप लागते आणि मूल शांत होतं. श्रेय मात्र केसिनला जातं. एवढाच फायदा दूध ४०० मिलिलिटरवर आणूनही मिळतो, बंद करावं लागत नाही. म्हणून तुमचं पहिलं काम हेच: पेले मोजा. रात्रीचं दूध आधी कमी करा, पेला तोच ठेवा, दूध थोडं-थोडं घटवा. एकदम अर्धं केलं तर त्याला लगेच कळेल आणि पेलाच फेकून देईल.

तपासण्यांचं लवकर सांगून टाकते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन करा, कारण हिमोग्लोबिन बरं असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि तसं असेल तर झोपेत मूल फार चुळबुळ करतं. ड जीवनसत्त्व, बी-१२ बघा. माती, भिंतीचा चुना, कागद खातो का हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दात दाखवा, दुखऱ्या दाढेमुळे चावायचं टाळणारी मुलं कमी नाहीत. आणि गहू बंद करायचा विचार असेल तर त्याच्या आधी सिलिॲकची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्त तपासणी झालीच पाहिजे, टीटीजी-आयजीए म्हणतात ती, सोबत एकूण आयजीए. हे आधीच का, तर गहू सोडल्यावर ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. मग खरंच सिलिॲक असलेल्या मुलाला निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालावा लागतो. सिलिॲक निघाला तर गोष्ट वेगळी, मग गहू जन्मभर बंद आणि त्यात वाद नाही. दुधाची ॲलर्जी निघाली तर दूध बंद, पण ते जन्मभर असेलच असं नाही, डॉक्टर सांगतील तोवर. माझं इथलं बाकीचं बोलणं या दोन्ही नसलेल्या मुलांसाठी आहे.

आता ताट वाढवायचं कसं. हा खरा कामाचा भाग, म्हणून जरा बैजवार लिहिते.

तुमचा मुलगा नखरे करत नाहीये. त्याच्या जिभेला, नाकाला, बोटांना जे जाणवतं ते आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असू शकतं. वेफर्स का आवडतात? प्रत्येक वेफर तसाच कुरकुरीत, तसाच खारट, पाकीट तेच. भाजीचं काय? आज वांगं मऊ, उद्या कचवट, परवा त्यात शेंगदाण्याचं कूट. त्याच्या दृष्टीनं रोज वेगळाच पदार्थ येतो आणि आपण त्याला एकाच नावानं हाक मारतो. त्यामुळे पहिला नियम, ताटात एक तरी ओळखीची गोष्ट नेहमी हवी. दुसरा, नवी गोष्ट त्याच्या चपातीला चिकटता कामा नये. शेजारी छोट्या वाटीत, हरभऱ्याएवढी. कप्प्यांचं स्टीलचं ताट घेतलंत तर उत्तम. तिसरा, "खा" म्हणायचं नाही. वाटी तिथे राहू दिली तरी आजचं काम झालं. मग कधी बोट लावेल, वास घेईल, जीभ लावेल, तोंडात घेऊन थुंकेल. थुंकलं तर शाबासकी द्या, रागावू नका, कारण थुंकता येतं हे कळल्याशिवाय तो तोंडात घेणारच नाही. काही पदार्थ दहा-पंधरा वेळा नुसते समोर आल्यावर मग तोंडात जातात, आणि काही कधीच जात नाहीत. मला स्वतःला आजही शेपू चालत नाही, मी त्याची आमटी-भाजी करून घरच्यांना वाढते आणि आपण खात नाही. मुलांना तेवढी मुभा द्यावी.

लपवाछपवी करू नका. दुधात गुपचूप नाचणी, चपातीत गुपचूप पालक. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी दूधही जाईल आणि चपातीही. अशा मुलांची जीभ आपल्यापेक्षा हुशार असते. हळूहळू बदलायचं असेल तर त्याच्या डोळ्यांदेखत बदला.

उदाहरण म्हणून चपातीपासून भाकरीपर्यंतचा रस्ता सांगते. हा कोल्हापुरात सगळ्यांत उपयोगी पडतो, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही आणि पुढेमागे गहू सोडायची वेळ आलीच तर पूल तयार असतो. त्याला आवडणारी चपाती नीट बघा: किती मोठी, किती पातळ, डाग किती, गरम की गार, अख्खी की तुकडे. हे सगळं तसंच ठेवायचं. तोच तवा, तीच ताटली. बदलायचं फक्त पीठ. परातीजवळ त्याला उभं करा आणि चिमूटभर ज्वारीचं पीठ त्याच्याच हातानं गव्हाच्या पिठात टाकायला लावा. ती चपाती त्याला ओळखूही येणार नाही, तरी चार-सहा दिवस तेवढ्यावरच थांबा. मग चमचाभर. मग दोन. निम्म्यापर्यंत गेलं तरी चपाती लाटता येते, जरा जपून. त्याच्या पुढे ती तुटायला लागते.

तिथून उकडीवर यायचं. वाटीभर पाण्यात किंचित मीठ आणि थेंबभर तेल घालून आधण आणा, उकळी फुटली की वाटीभर पीठ घाला. पाऊण ज्वारी, पाव तांदूळ. उलथन्याच्या टोकानं ढवळून गॅस बंद करा, पाच मिनिटं झाकण ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा. मळण्यात कंटाळा केलात की कडा फाटतात. मग कोरडं पीठ लावून पोळपाटावर अलगद लाटा. थापलेल्या भाकरीसारखी ही जाड आणि खरबरीत होत नाही, चपातीसारखी पातळ, मऊ होते आणि आच बारीक ठेवली तर काळे डागही पडत नाहीत. पीठ मात्र ताजं हवं, गिरणीतून आणून आठ-दहा दिवसांतलं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, त्याची भाकरी सुगरणीलाही येत नाही, तुम्हाला आली नाही तर स्वतःला बोल लावू नका. गोडाची आवड असेल तर वाटीत चमचाभर काकवी द्या, बुडवून खायला. बिस्किट दुधात बुडवणाऱ्या मुलाला बुडवायची सवय आधीच आहे, तीच वापरायची. या सगळ्याला दोन महिने लागू शकतात, चारही लागतील.

कुरकुरीत आवडणाऱ्यांसाठी आपल्याकडे तोटा नाही. ज्वारीच्या लाह्या, चिरमुरे, भाजलेला नाचणीचा पापड, राजगिऱ्याची वडी, मंद आचेवर कडक केलेली भाकरी. लहान मुलाला अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्याऐवजी कूट, नाहीतर लाडू.

दुसरी गोष्ट, पांढरा रस्सा. कोल्हापूरच्या जेवणाला सगळे तिखट म्हणून नावं ठेवतात, आणि आपल्याच घरात ऑटिझम असलेल्या मुलासाठी इतका सोयीचा पदार्थ शिजतो हे आपल्या लक्षात येत नाही. त्यात मूळचाच गहू नाही, दूध नाही, रंग एकसारखा पांढरा आणि ज्याला भात चालतो त्याच्या भाताच्याच रंगाचा. तुम्ही मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की तांबड्या रश्श्यासाठी मसाला घालण्याआधी अळणी, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं पाणी, बाजूला काढताच. हळद मात्र त्या दिवशी नावापुरतीच घाला, नाहीतर रस्सा पिवळा दिसेल. वाटीभर अळणी बाजूला काढून गाळा. पाच-सहा काजू आणि मोठा चमचाभर पांढरे तीळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवून दोनदा वाटा आणि बारीक गाळणीतून काढा, कणी राहिली की संपलं. खसखस घरच्या मिक्सरवर नीट वाटली जात नाही, त्याच्या वाट्याला घालू नका. तुपाऐवजी चमचाभर तेलात एक लवंग, दालचिनीचा तुकडा परतून काढून टाका, वाटण घाला, अळणी घाला, उकळी आली की आच अगदी बारीक करून शेवटी अर्धी वाटी नारळाचं दूध. यानंतर खळखळून उकळलंत तर फुटेल. आधी चार-पाच जेवणं नुसती वाटी शेजारी ठेवायची, भातावर घालायचं नाही. शाकाहारी घरात मूगडाळीचं वरचं पाणी किंवा दुधी-बटाट्याचं अळणी घेऊन असंच करता येतं. मोठ्यांना लागणारा मिरीचा आणि मिरचीचा ठेचा त्यांच्या वाटीत वरून. एक भांडं, शेवटी दोन फांद्या. रोजच्या आमटीलाही हेच करा, म्हणजे मसाल्याची तिखट चटणी घालण्याआधी त्याची वाटी बाजूला काढा. तुमचे दोन स्वयंपाक इथेच एक होतात.

जेवणाची जागा आणि आवाज यांकडे फार कमी घरं बघतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, कढईतली फोडणी, कांदा-खोबरं भाजल्याचा वास. रविवारी मटण शिजताना मूल कोपऱ्यात कान दाबून बसलेलं असतं आणि तासाभरानं आपण त्याला तिथेच जेवायला बसवतो. वाटण सकाळी लवकर करून ठेवा, त्या वेळात आजोबांबरोबर त्याला रंकाळ्यावर पाठवा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना, मिरच्या भाजण्या-कांडण्याच्या दिवसांत, तो दुसऱ्या घरी असलेला बरा. जेवताना पाय टेकलेले हवेत. पाटावर भिंतीला टेकून बसवलं तरी चालतं, खुर्ची असेल तर पायाखाली डबा ठेवा. लोंबकळणाऱ्या पायांनी मूल सगळा जीव तोल सांभाळण्यात घालवतं. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला, दोन खाण्यांत तीन तासांचं अंतर ठेवा, मधे फक्त पाणी. मोबाईलशिवाय जेवत नसेल तर एकदम काढू नका, आधी शेवटची पाच मिनिटं काढा.

आता समजा, ताट वाढलं, वजन ठीक आहे, तपासण्या झाल्या, आणि तुम्हाला तरीही करून बघायचंच आहे. मनाला रुखरुख नको म्हणून करणारे पालक असतात, मी समजू शकते. तर असं करा. दोन्ही एकदम बंद करायचं नाही, नाहीतर फरक कशामुळे ते कळणार नाही. आधी दूध, चार आठवडे. मग परत सुरू करून बघायचं. त्यानंतर गहू, तीन महिने, तोही परत सुरू करून बघायचा. त्या काळात नवी थेरपी, नवं औषध, नवी शाळा काही नको. गणपती-दिवाळी आणि मे महिन्यातली मामाच्या गावची सुट्टी टाळा. सुरुवातीलाच वहीत तीनच गोष्टी लिहायच्या ठरवा: झोप किती तास, शी कशी, आणि एक कोणतंही वर्तन मोजून, म्हणजे दिवसातून किती वेळा डोकं आपटलं किंवा किती वेळा स्वतःहून हात धरून काही मागितलं. "जरा बरा वाटतोय" हे लिहायचं नाही. थेरपिस्टना आहार बदलल्याचं सांगू नका, आणि महिन्यानं विचारा काही फरक जाणवला का. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त खरं. ठरलेल्या मुदतीत वहीत काही दिसलं नाही तर थांबायचं, हे आधीच नवरा-बायकोनं आणि आत्तींनी मिळून ठरवून घ्या.

दूध काढलं तर हिशेब भरून काढावा लागतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आयसीएमआर ही आपल्या देशाची वैद्यकीय संशोधन संस्था सांगते. ४०० मिलिलिटर म्हशीच्या दुधातून त्यातलं जवळपास ४८० मिळतं, आणि १४-१५ ग्रॅम प्रथिनंही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम आहे, ऐकायला भरपूर, पण मूल एका वेळी खातं ३० ग्रॅम. शिवाय नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं सत्त्व काढतात त्यातून चोथ्याबरोबर कॅल्शियमही बरंच निघून जातं. मोड आणून, वाळवून, अख्खीच दळलेली नाचणी वापरा. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांनी भर पडते, पण सहसा डॉक्टरांकडून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून घ्यावंच लागतं. हे मी उगाच ताणून सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलग्यांच्या हाडांचा अभ्यास छापून आला, त्यात हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी आढळली आणि केसिन बंद असलेल्या मुलांत ती आणखी कमी. बदामाचं दूध म्हणून जे खोक्यात मिळतं ते बहुतेक पाणीच असतं. सोया दूध घेतलंत तर कॅल्शियम वरून घातलेलं आहे का ते बघा.

गहू लपून कुठे बसतो, तर हिंगात. डबीतलं बांधणीचं हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेलं असतं, तांदळाच्या पिठातलंही मिळतं, डबी उलटी करून वाचा. शेवया, रवा, सोया सॉस, काही तयार मसाले, फरसाण. पाकिटावर ॲलर्जी करणाऱ्या घटकांची सूचना द्यावीच लागते, तिथे गहू आणि दूध दोन्ही कळतात. व्हे, केसिनेट, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच. गिरणीत गव्हामागून लगेच आपली ज्वारी टाकली तर थोडा गहू येतोच. नुसत्या प्रयोगासाठी तेवढ्यानं बिघडत नाही, सिलिॲकच्या मुलाला मात्र अजिबात चालत नाही, त्याचं पीठ घरीच दळावं. तूप प्रयोगात चालतं असं मी धरते. ॲलर्जीच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ग्लुटेन-फ्री लिहिलेली महागडी बिस्किटं घेऊ नका. ग्लुटेन नसतं हे खरं, पण बाकी स्टार्च आणि साखर. तेवढ्या पैशात महिन्याची ज्वारी येते.

आत्तींबद्दल. त्यांच्याशी अभ्यासांची आकडेवारी घेऊन भांडू नका, हरता. त्यांना काम द्या. ज्वारी निवडणं, काकवी आणून ठेवणं, राजगिऱ्याचे लाडू वळणं. तुमच्यापेक्षा त्यांच्या हातची भाकरी चांगली होत असणार, त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनीच करावी. दूध "तोडायचं" नाही, "मोजायचं" आहे हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, सुनेच्या नको. आणि चोरून बिस्किट देणं थांबवायचं असेल तर त्यांनी मायेनं द्यायला काहीतरी दुसरं हाताशी हवंच. वेगळ्या डब्यात राजगिऱ्याची वडी ठेवा आणि तो डबा फक्त आज्जीचा.

मोठी बहीण असेल तर तिच्या चपात्या आणि तिचं आईस्क्रीम तिच्याकडेच राहू द्या, घरभर बंदी नको. तिनं लपून खायचं आणि त्यानं शोधायचं असा खेळ सुरू झाला की दोघांचंही नातं बिघडतं. नवऱ्याला मधे गप्प बसण्याऐवजी रविवारी सकाळी मुलाला घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा कपिलतीर्थला जाऊ द्या, गर्दी व्हायच्या आत. पिशवीत टोमॅटो टाकणं हाही खाण्याच्या वाटेवरचा एक टप्पाच आहे.

यात्रा-जत्रा, म्हाई, लग्नं. तिथे "जरासं खाल्लं तर काय हुतंय?" म्हणणारी माणसं प्रेमानंच म्हणतात. त्यांना ऑटिझम समजावत बसू नका, "पोट बिघडलंय, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं. घरून निघताना त्याला खायला घालून न्या, ओळखीचा डबा सोबत ठेवा आणि तिथे जेवलाच पाहिजे ही अट सोडा. सणाला तांदळाच्या उकडीचे मोदक, आंबोळी आणि नारळाचं दूध-गूळ हे गहू-दुधाशिवायचं पक्वान्न आहेच. पुरणपोळीतलं नुसतं पुरण वाटीत दिलं तर कित्येक मुलं खातात.

डॉक्टरांनी चिडचिड आटोक्यात ठेवायला रिस्पेरिडोन हे औषध सुरू केलं असेल तर भूक आणि वजन दोन्ही वाढतात, त्या वेळी ताट वाढवण्याचा नियम जरा आवरता घ्या आणि दर महिन्याला वजन करा. उलट, वजन घटत असेल, खाण्यातले पदार्थ एकेक करून गळत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा मूल लंगडायला, चालायचं टाळायला लागलं असेल तर घरचे उपाय थांबवून लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. फळ-भाजी वर्षानुवर्षं न खाणाऱ्या मुलांत क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं असं होतं, वेळेवर ओळखलं तर औषधानं लवकर भरून येतं. पण पाय दुखतो हे मूल सांगत नाही म्हणून ते हाडांचं दुखणं समजून इकडे-तिकडे फिरवलं जातं. जाताना तो काय-काय खातो याची यादी सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढे करा.